पेंडीचं पोतं घेण्याआधी बांध बघा

पुण्याच्या मार्केट यार्डात माल घालून परतताना गाडीत सरकी पेंडीचं पोतं पडतंच. पट्टीतला बराच पैसा तिथंच जिरतो. पण पेंडीतलं प्रथिन बांधावरही उगवतं. सुबाभळीच्या वाळल्या पाल्यात शेकडा २० ते २५ प्रथिने असतात, म्हणजे सरकी पेंडीच्या जवळपास. सोलापूर रस्त्यावरच्या उरुळीकांचनला मणिभाई देसाई यांनी १९६७ मध्ये 'बाएफ' संस्था स्थापली. सत्तरच्या दशकापासून याच संस्थेने सुबाभळीचा प्रसार केला.

बी कढत पाण्यात तीन-चार मिनिटे बुडवा, मग रात्रभर साध्या पाण्यात भिजवून लावा. झाड पुरुषभर झालं की कमरेइतकं ठेवून छाटा. पुढे दर दीड-दोन महिन्यांनी. शेंगा पिकू देऊ नका, नाहीतर रान माजतं.

मात्र फुकटचा पाला म्हणून दावणीत ढीग टाकू नका. त्यात मिमोसिन नावाचं विष असतं. नुसता हाच पाला घातला तर केस गळतात, गळा सुजतो, जनावर खंगतं. थोड्यापासून सवय लावा. एकूण वैरणीत तिसरा हिस्सा पाला, बाकी कडबा नि गवत. घोड्या-गाढवाला तो घालूच नका. दुभत्या गाईची पेंडही एकदम तोडू नका, हळूहळू कमी करा.

सरपंच मंडळींनी गायरानात लागवड करताना आधी कुंपण करावं. कोवळ्या रोपाचा शेंडा शेळी ठेवत नाही. बांधावर चार ओळी उभ्या राहिल्या, तर यार्डातलं पोतं जास्त दिवस पुरेल.