बुटका मनोरा, लांबचा मालक

उत्तर कॅरोलिनातलं मॉरिसव्हिल रॅली आणि डरॅमच्या मधोमध, रिसर्च ट्रँगल पार्कला खेटून आहे. २०२०च्या जनगणनेत वस्ती तीस हजारांच्या आतच. पण भारतीय इतके, की २०२३मध्ये मेजर लीग क्रिकेटचे सामने इथल्या मैदानावर झाले. इथल्या मराठी घरात मालिका दिसते ती इंटरनेटवर, पैसे मोजून. फुकट, साध्या अँटेनावर पकडता येते ती स्पॅनिश: २६ क्रमांकाची डब्ल्यूटीएनसी-एलडी, डरॅमच्या नावे परवाना असलेलं 'युनिमास' वाहिनीचं केंद्र.

नावातलं 'एलडी' म्हणजे कमी शक्तीचं डिजिटल केंद्र. कमी शक्तीच्या केंद्रांची सोय अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाने १९८२मध्ये केली. यूएचएफ पट्ट्यात बडी केंद्रं १,००० किलोवॅटपर्यंत जातात, तर यांची मर्यादा १५. शिवाय मान दुय्यम: बड्या केंद्राला अडथळा झाला तर यांनीच सरकायचं. गावाचा, अल्पसंख्याकांचा आवाज उमटावा हा हेतू होता. मात्र अशी केंद्रं एकाने किती बाळगावीत याला मर्यादा घातली नाही आणि स्थानिक कार्यक्रमांची सक्तीही केली नाही. मग बड्या कंपन्यांनी स्वस्तात पाय रोवायला हीच वाट धरली, यात आश्चर्य कसलं? आपल्याकडेही दूरदर्शनची लघुशक्ती प्रक्षेपण केंद्रं तालुक्यात उभी राहिली ती मुख्यतः दिल्ली-मुंबईचं पुढे ढकलायला. फरक एवढाच, की आपल्याकडे मालक सरकार होतं.

डब्ल्यूटीएनसीची मालकी टेलेव्हिसायुनिव्हिजनकडे आहे. फेएटव्हिलच्या नावे असलेलं पूर्ण शक्तीचं युनिव्हिजन केंद्रही तिचंच. या घराण्याचा इतिहास मोठा गमतीचा आहे. १९३४च्या कायद्यानुसार परवानाधारकात परकीय वाटा २० टक्क्यांवर आणि त्याच्यावरच्या कंपनीत २५ टक्क्यांवर जाऊ नये. २५ची अट तेवढी आयोग शिथिल करू शकतो. युनिव्हिजनच्या पूर्वसुरी कंपनीमागे मेक्सिकोचं आस्कार्रागा कुटुंब उभं होतं. खरा ताबा त्यांचाच, असं म्हणत १९८६मध्ये आयोगाच्या न्यायाधीशाने परवान्यांचं नूतनीकरण नाकारलं आणि केंद्रं हॉलमार्क या शुभेच्छापत्रांच्या कंपनीने घेतली. पुढे मालक बदलत गेले. २०१७मध्ये आयोगाने युनिव्हिजनमधला परकीय वाटा ४९ टक्क्यांपर्यंत नेण्याची मुभा दिली. २०२२मध्ये आस्कार्रागांच्या टेलेव्हिसाचा कार्यक्रमनिर्मितीचा व्यवसाय युनिव्हिजनमध्ये विलीन झाला. ज्या सोयरिकीपायी परवाने धोक्यात आले होते, तीच आता कंपनीच्या नावात आहे.