जुन्या स्पीकरचा पुनर्जन्म आणि गोंदियाची लाख

गोंदिया जिल्ह्यासारख्या, पावसाळ्यात हवा दीर्घकाळ दमट राहणाऱ्या प्रदेशात जुन्या घरगुती स्पीकरचा बहुधा सर्वांत आधी निकामी होणारा भाग म्हणजे कागदी शंकूला चौकटीशी जोडणारी लवचीक कडा होय. 1970 च्या दशकापासून अनेक स्पीकरांत ती पॉलियुरेथेन फोमची असून, हवेतील बाष्पाने तिच्या रेणूंच्या साखळ्या तुटतात, म्हणजे तिचे जलअपघटन होते, आणि स्पीकर वापरात नसला तरी ती भुगा होऊन गळते. हा दोष सुदैवाने दुरुस्त होण्याजोगा आहे: जुना फोम खरवडून त्याच मापाची नवी कडा चिकटवता येते, मात्र चुंबकाच्या अरुंद फटीत हलणारे तारेचे वेटोळे, म्हणजेच व्हॉइस कॉइल, नेमके मध्यावर न राहिल्यास आवाज खरखरतो.

स्पीकरच्या लाकडी पेटीच्या बाबतीत गोंदिया जिल्ह्याचे वेगळेच महत्त्व आहे. येथील पळस व कुसुम या झाडांवर लाखेचे किडे पोसले जातात, त्यांच्या स्रावापासून चपडा तयार होतो आणि तो स्पिरिटमध्ये विरघळवून केलेले पॉलिश जुन्या पेटीला कृत्रिम रंगापेक्षा निःसंशय अधिक शोभते. मिनिटाला 78 फेऱ्यांच्या ग्रामोफोन तबकड्यांतही चपडा वापरला जाई. अशी दुरुस्त केलेली स्पीकरांची जोडी विकणाऱ्याने बदललेला प्रत्येक भाग ग्राहकास स्पष्ट सांगावा.