वसंतागमनापूर्वी परसबागेची सिद्धता

वसंतास ऋतुराज म्हटले जाते; परंतु आपल्या पठारी प्रदेशात वसंताबरोबरच ऊन वाढते व विहिरी खालावतात. म्हणून परसबागेची तयारी फाल्गुनाची वाट न पाहता माघातच, म्हणजे सामान्यतः जानेवारीअखेर ते फेब्रुवारीत, करणे इष्ट होय. घरची बाग असो वा शाळेची, नियम एकच.

प्रथम जमीन वीतभर खोल खणून दोन-चार दिवस उन्हात तापू द्यावी व नंतर तीत चांगले कुजलेले शेणखत मिसळावे. पावसाळ्यात गादीवाफे योग्य असतात, कारण त्यांतून जादा पाण्याचा निचरा होतो. उन्हाळ्यासाठी मात्र सपाट वाफे करून भोवती बांध घालावा, म्हणजे पाणी जागीच मुरते. याच सुमारास पानगळ होते. हा पालापाचोळा जाळू नये. रोपे वर आल्यावर त्यांच्या बुंध्याभोवती त्याचा जाड थर पसरावा. त्यामुळे ओलावा टिकतो आणि तणही कमी होते.

भेंडीचे बी रात्रभर भिजवून पेरावे. सुमारे दीड-दोन महिन्यांत तोडा सुरू होतो. गवारही याच काळात येते. माठ महिन्याभरात कापणीस येतो. काकडी व दोडका यांच्यासाठी स्वतंत्र आळी करावीत. पाणी सकाळी लवकर किंवा सायंकाळी द्यावे. भाज्या व तांदूळ धुतलेले पाणी वाया न घालवता बागेकडे वळवावे.

यातून गणिताचा पाठही सहज घेता येतो. 3 मीटर लांब व 1 मीटर रुंद वाफ्यास 15 लिटरची एक बादली पाणी घातले, तर ते 5 मिलिमीटर पावसाइतके होते. हे विद्यार्थ्यांकडून पडताळून घ्यावे, म्हणजे पर्जन्यमापनाचे आकडे त्यांना अर्थपूर्ण वाटतील.

शाळांच्या पुष्कळ बागा सुटीत करपतात, आणि जूनमध्ये परतलेल्या मुलास आपल्या श्रमाची वाळकी काटकेच दिसतात. यास्तव सुटीपूर्वीच पाणी घालण्याच्या पाळ्या शाळेजवळ राहणाऱ्या पालकांच्या संमतीने ठरवाव्यात. ते शक्य नसल्यास लागवड थोडीच करावी, आणि सुटीपूर्वी निघतील अशीच पिके घ्यावीत. भेंडीची दोन-चार निरोगी झाडे बियांसाठी राखावीत. मुलांनी स्वतः जमविलेले बी मृगाच्या सरींत पुन्हा रुजेल, तेव्हाच बागेचे शिक्षण पूर्ण झाले असे समजावे.