विश्लेषण : नौकेचा दिवा लागत नाही, बल्ब तर शाबूत, मग दोष कुठे?

पावसाळा सरला, की मुंबईत गेटवेसमोर शिडाच्या नौका पुन्हा पाण्यात दिसू लागतात. चार महिने झाकून ठेवलेल्या नौकेची शिडे आणि दोर आधी तपासले जातात. दिव्यांची आठवण पहिल्या अंधारात होते. बटण दाबल्यावर लाल दिवा लागतो, हिरवा लागत नाही. नवा बल्ब घातला तरी अंधारच. अशा वेळी दोष अनेकदा बल्बचा नसतो, तर बल्ब जिथे टेकतो त्या पितळी पट्टीवर चढलेल्या थराचा असतो.

हे दिवे महत्त्वाचे का?

समुद्रातील टक्कर टाळण्यासाठीच्या १९७२ च्या आंतरराष्ट्रीय नियमांनुसार, सूर्यास्तापासून सूर्योदयापर्यंत शिडावर चालणाऱ्या नौकेच्या डाव्या बाजूला लाल, उजवीकडे हिरवा आणि मागे पांढरा दिवा हवा. २० मीटरपेक्षा लहान नौकेत हे तिन्ही रंग डोलकाठीच्या टोकावरील एकाच दिव्यात चालतात. रात्री जहाजावरून नौका दिसत नाही, तिचे दिवे दिसतात. लाल दिसला तर तिची डावी बाजू आपल्याकडे आहे, हिरवा दिसला तर उजवी, हे त्यावरूनच कळते. हिरवा विझला, तर त्या बाजूच्या जहाजासाठी नौका तिथे नाहीच! १२ मीटरपेक्षा लहान नौकेचे लाल-हिरवे दिवेही किमान १ सागरी मैल, म्हणजे सुमारे १.८५ किलोमीटरवरून दिसायला हवेत. म्हणूनच दिवा नुसता ‘लागतो’ एवढे पुरत नाही.

हिरवा थर कसा चढतो?

कल्हई उडालेल्या पितळी भांड्यात ताक कळकते, तसाच हा प्रकार. दिव्यात शिरलेले मीठ हवेतला ओलावा धरून ठेवते. त्या खारट ओलाव्यात तांबे आणि पितळ यांच्यावर हिरवे क्षार तयार होतात. पितळी पट्टी आणि पोलादी स्प्रिंग असे वेगळे धातू एकमेकांना टेकले असतील, तर त्यांच्यापैकी एक लवकर झिजतो. दिवा सुरू असताना विजेच्या धन टोकाची झीज आणखी वेगाने होते.

एवढ्याशा थराने काय बिघडते?

घरातल्या २३० व्होल्टमध्ये एखादा व्होल्ट कमी झाला तर कळतही नाही. नौकेवर मात्र बहुधा १२ व्होल्टच असतात. २५ वॉटचा साधा बल्ब सुमारे २ अॅम्पिअर वीज घेतो. थरामुळे अर्धा ओहम रोध वाढला, की जवळपास १ व्होल्ट तिथेच खर्च होतो आणि प्रकाश सुमारे पाव हिस्सा घटतो. शिवाय तो जोड तापतो.

सफाई कशी करावी?

आधी बॅटरीची जोडणी तोडावी. दिवा उघडल्यावर तारांचा मोबाइलवर फोटो काढावा. पहिली धुलाई गोड्या पाण्याने करावी, कारण मीठ पाण्यातच विरघळते, फवाऱ्याच्या क्लीनरने जात नाही. मग कानकाडीने व्हिनेगर किंवा लिंबाचा रस लावून काही मिनिटे थांबावे. तांब्याची भांडी आपण चिंच-मिठाने घासतो. इथे मीठ मात्र अजिबात नको. नंतर खायच्या सोड्याच्या पाण्याने पुसावे, पुन्हा गोडे पाणी वापरावे आणि पूर्ण वाळू द्यावे.

उरलेला थर बारीक पॉलिश पेपरने हलक्या हाताने काढावा. पट्टीवर मुलामा असेल तर जोरात घासू नये. तो गेला की आतले पितळ उघडे पडते. लोखंडी काथ्या टाळावा, त्याचे तंतू आत राहून गंजतात, शॉर्टसर्किटही करू शकतात. सैल पडलेली पट्टी किंचित वाकवावी, म्हणजे बल्ब घट्ट टेकेल. शेवटी डायइलेक्ट्रिक ग्रीसचा पातळ थर द्यावा. हे ग्रीस वीज वाहून नेत नाही. पण घट्ट टेकलेल्या जागेवरून ते बाजूला सरते आणि भोवतालचा ओलावा अडवते. फाटलेले रबरी पॅकिंग बदलावे. तारेचे तांबे आत काळे पडले असेल, तर चकचकीत तांबे लागेपर्यंत तार कापावी. नवी तार कथलाचा मुलामा असलेली घ्यावी. ही तारेची कल्हईच.

काम झाले, हे कसे कळेल?

मल्टिमीटरने, तेही दिवा सुरू ठेवून. बल्ब काढून मोजले तर वीज वाहत नसल्याने खराब जोडावरही पूर्ण व्होल्ट दिसतात आणि फसगत होते. बॅटरीपाशी आणि बल्बपाशी मोजलेल्या आकड्यांत ३ टक्क्यांपेक्षा, म्हणजे १२ व्होल्टमागे ०.३६ व्होल्टपेक्षा जास्त फरक नसावा.

एलईडी बसवला तर?

एलईडी कमी वीज घेत असल्याने व्होल्टची घट कमी होते; पण थर वाढून जोड तुटला की तोही विझतो. रंगीत काचेमागे कोणताही पांढरा एलईडी घातल्यास दिव्याचा रंग बदललेला दिसू शकतो. त्यामुळे त्याच दिव्यासाठी मान्य असलेला बल्बच घ्यावा. डोलकाठीवरचा दिवा ती खाली उतरवलेली असतानाच तपासावा. भर समुद्रात, रात्री, हलत्या डोलकाठीवर चढण्यापेक्षा किनाऱ्यावरचा अर्धा तास कधीही स्वस्त.