‘कुणबी’ कोणाला म्हणावे?

पांढुर्णा आणि सौंसर हे मराठीभाषी तालुके १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत मध्य प्रदेशात राहिले, आणि २०२३ मध्ये त्यांचा मिळून पांढुर्णा जिल्हा झाला. तिथे ‘कुणबी’ म्हणजे एक जात, हे कोणाला सांगावे लागत नाही. संत्री आणि कपाशी पिकवणारे भोयर पवार आहेत, माळी आहेत, तेलीही आहेत. पण शेत कसतो म्हणून त्यांना कोणी कुणबी म्हणत नाही. आजचा व्यवहार पाहिला तर हे बरोबरच आहे. घोटाळा होतो तो हाच अर्थ जुन्या कागदांवर लादला की. मराठीत शेतीच्या धंद्याला ‘कुणबीक’ किंवा ‘कुणबावा’ म्हणत, आणि ती करणारा तो कुणबी. जोतीराव फुल्यांनी १८८३ च्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये कुणबी, माळी आणि धनगर हे मुळात एकच, नुसती शेती करणारे, बागाईत करणारे आणि मेंढरे राखणारे अशी ती कामाची वाटणी, असे मांडले. पेशवाईच्या दफ्तरांत तर ‘कुणबीण’ म्हणजे विकत घेतलेली दासी, मग ती कुठल्याही जातीची असो.

यावर कोणी म्हणेल, शब्द इतका सैल होता तर रोटीबेटीचे नियम कसे टिकले? नियम होतेच, पण ते बहुधा पोटजातीत पाळले जात. रसेल आणि हिरालाल यांच्या १९१६ च्या मध्य प्रांतावरील ग्रंथात कुणब्यांच्या पोटजाती दिल्या आहेत. त्यांतले झाडे म्हणजे झाडीपट्टीतले, घाटोळे म्हणजे घाटावरचे. ही मुलखांची नावे आहेत. त्या त्या मुलखातले शेतकरी आपापसांत सोयरीक करीत आले आणि वरून सगळ्यांना ‘कुणबी’ हे नाव लागले, असाच याचा सरळ अर्थ दिसतो. म्हणजे धंदा आणि जात हे दोन्ही अर्थ शेजारी शेजारी नांदत होते. इंग्रजी शिरगणतीत जातीचा रकाना आला, पुढे आरक्षणाच्या याद्या आल्या, आणि त्यांत जातीचा अर्थ तेवढा उरला. महाराष्ट्रात आरक्षणासाठी जुनी ‘कुणबी’ नोंद शोधून जातीचा दाखला मागितला जातो, तेव्हा नोंद खरी की खोटी यावर भांडण पेटते. नोंद खरी असेलही. पण लिहिणाऱ्या कारकुनाला त्या शब्दाने त्या माणसाची जात सांगायची होती की धंदा, हा प्रश्न त्या भांडणात फारसा कोणी विचारत नाही.