नुसती सुपारी

शिरोड्याहून आरवलीकडे निघालं की पोफळीच्या बागा दिसत राहतात. देवाच्या विड्यात सुपारी, पाहुण्यापुढच्या तबकातही सुपारी. त्यामुळे तोंडाच्या तक्रारीवर व्यसनाचं विचारलं की या भागात हमखास ऐकू येतं, ‘मिया तंबाखू खाणंय नाय, नुसती सुपारी.’ तंबाखूची बदनामी इतकी झाली आहे की तिच्या आडोशाला सुपारी निर्धास्त बसली आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं मात्र २००४ च्या अहवालात निव्वळ सुपारीलाही माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांत घातलं.

सुपारीचा स्वतःचा असा आजार म्हणजे सबम्यूकस फायब्रोसिस. १९५२ मध्ये श्वार्ट्झ यांनी तो पूर्व आफ्रिकेतल्या भारतीय बायकांच्या तोंडात पाहिला, १९५३ मध्ये मुंबईत डॉ. जोशींनी त्याचं वर्णन केलं. सुरुवात फसवी असते. बांगड्याचं तिखलं, जे जन्मभर चवीनं खाल्लं, तेच एकाएकी झोंबू लागतं. मग गालाचं आतलं अस्तर फिकट, पांढुरकं होतं. गालात उभे कडक पट्टे बोटाला लागतात, जीभ पुरती बाहेर येत नाही. स्वतःची तीन बोटं उभी धरून तोंडात जात नसतील तर दाखवायला जावं.

सुपारीतलं अरेकोलिन पेशींना जादा कोलॅजन तयार करायला लावतं. शिवाय चामडं कमावायला लागतात त्या जातीची टॅनिनं सुपारीत असतात. ती कोलॅजनचे धागे असे घट्ट करतात की शरीराला ते मोडता येत नाहीत. पिंडबोर्ग आणि टाटा रुग्णालयात डॉ. व. रा. खानोलकरांच्या तालमीत तयार झालेल्या सत्यवती सिरसाट यांनी १९६६ मध्ये या आजाराची व्याख्या मांडली, ती अजून उद्धृत होते. सूक्ष्मदर्शकाखाली वरचं अस्तर झिजून पातळ झालेलं आणि त्याखाली कोलॅजनचा दाट, एकजीव थर दिसतो. सुपारी सोडली तरी आवळलेलं तोंड बहुधा पूर्ववत होत नाही. केरळात १७ वर्षांच्या पाठपुराव्यात अशा ७.६ टक्के रुग्णांना कर्करोग झाला.

तेरेखोलच्या खाडीपलीकडे गोव्यात सवय वेगळी, म्हणून खूणही वेगळ्या जागी. फणसाच्या पानात तंबाखू वळून केलेली धुमटी जळतं टोक तोंडात ठेवून ओढायची, असा प्रकार तिथं होता. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या दंतसंशोधन गटानं ५,४४९ गावकऱ्यांची तोंडं तपासून १९७६ मध्ये त्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. उलट्या ओढण्यात थेट भाजते ती टाळू. ती पांढरी, जाड होते, लाळग्रंथींच्या तोंडाशी लाल ठिपके उठतात. एरवी टाळूचा कर्करोग आपल्याकडे विरळा. याच गटानं त्याआधी पुणे जिल्ह्यात १,०१,७६१ ग्रामस्थ तपासले होते. हाती आरसा आणि दिवा, एवढ्यावर हे काम होतं, याचं मला राहून राहून नवल वाटतं.

पांढरा चट्टा पुसून निघत नसेल आणि दुसरं कारण सापडत नसेल तर तो ल्युकोप्लेकिया. लोक त्यालाच घाबरतात. पण मखमलीसारखा लाल चट्टा, एरिथ्रोप्लेकिया, अधिक घातक. तो दुखत नाही, म्हणून दाखवायलाही कोणी येत नाही. वाल्ड्रन आणि शेफर यांनी १९७५ मध्ये असे चट्टे तपासले तेव्हा जवळपास निम्म्यांत कर्करोग खोल शिरलेला होता.

निकाल लागतो तो बायोप्सीत. जागा बधिर करून काढलेला तुकडा फॉर्मालिनमध्ये घालून पाठवतात. त्याचे पातळ काप रंगवले की पेशीकेंद्रं निळसर आणि बाकी सगळं गुलाबी दिसतं. केंद्रं मोठी, वेडीवाकडी आणि रचना बिघडलेली असली तर अहवालात ‘डिसप्लेझिया’ येतो, सौम्य, मध्यम किंवा तीव्र. हा कर्करोग नव्हे. अस्तराच्या तळाचा पातळ पडदा फोडून पेशी खाली उतरल्या की मगच त्याला कर्करोग म्हणतात.

तुकडा कुठून घेतला यावरही बरंच अवलंबून असतं. लाल-पांढऱ्या मिश्र चट्ट्यातला फक्त पांढरा भाग गेला तर अहवाल दिलासा देणारा येऊ शकतो आणि शेजारच्या लाल भागातला कर्करोग तसाच राहतो. म्हणून अहवाल चांगला येऊनही दोन-तीन आठवड्यांत चट्टा किंवा व्रण हटला नाही तर डॉक्टर पुन्हा, दुसऱ्या जागचा तुकडा मागतात.