न्हाणीघरातील फवारा

यंत्रमागाच्या कामासाठी खानदेशातून आलेल्या असंख्य मराठी कुटुंबांनी सुरतेच्या उधना, लिंबायत, पांडेसरा या भागांत संसार थाटले. त्यांतील अनेकांची पुढची पिढी आता सदनिकांत राहते. तांब्याचा बंब आणि पितळी घंगाळे केव्हाच माळ्यावर गेले. बादली-तांब्याऐवजी शॉवर असावा, असे तरुण मंडळींना वाटते. ही इच्छा गैर नाही. परंतु दुकानातील चकाकीला भुलून घेतलेला शॉवर पुष्कळदा भिंतीवरची शोभा होऊन बसतो आणि स्नान बादलीनेच करावे लागते.

पहिला विचार दाबाचा. दहा मीटर उंचीच्या पाण्याचा दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे एक किलोग्रॅम भरतो. गच्चीवरची टाकी शॉवरच्या तोंडापासून तीनच मीटर उंच असेल, तर दाब त्याच्या तीन-दशांश. म्हणूनच टाकी अगदी डोक्यावर असूनही सर्वांत वरच्या मजल्यावर धार मंद असते आणि खालच्या मजल्यावर ती जोराने येते. ताटाएवढ्या रुंद तोंडाचा शॉवर वरच्या मजल्यावर नुसता ठिबकेल. तेथे लहान तोंडाचा, कमी दाबासाठी बनविलेलाच घ्यावा. खरेदीपूर्वी न्हाणीघराच्या नळाखाली बादली ठेवून ती किती वेळात भरते, हे घड्याळ लावून पाहावे आणि तो आकडा दुकानदाराला सांगावा.

दुसरा विचार गरम पाण्याचा. पंधरा लिटरच्या गीझरमधील कढत पाण्यात गार पाणी मिसळले, की स्नानाजोगे सुमारे तीस लिटर पाणी होते. मिनिटाला दहा लिटर ओतणारा शॉवर ते तीन मिनिटांत संपवितो. सहा लिटर देणारा पाच मिनिटे पुरवितो. गरम व गार पाणी एकाच टाकीतून येत असेल, तर मिश्रण नीट होते. गार पाणी पंपाच्या जोराने आणि गरम पाणी टाकीच्या दाबाने येत असेल, तर अंगावर कधी चटका, कधी थंड शहारा, असा प्रकार घडतो.

तिसरा विचार घरातील माणसांचा. वृद्धांना व लहान मुलांना लवचीक नळीचा, हातात धरण्याचा शॉवर सोयीचा. तो बसूनही वापरता येतो. त्याबरोबरच भिंतीला पक्का आधारदांडा आणि खाली न घसरणारी फरशी हवी. पाणी जड असेल, तर छिद्रांत क्षार साचतात. रबरी छिद्रांचे तोंड बोटाने चोळून साफ होते. धातूचे तोंड काढून सिरक्यात भिजवावे लागते.

शेवटचा विचार खर्चाचा. पैशांच्या नव्हे, पाण्याच्या. मलनिःसारणाची व्यवस्था असलेल्या शहरांसाठी केंद्र सरकारच्या नियमावलीने माणशी दररोज १३५ लिटर पाणी धरले आहे. त्यात पिणे, स्वयंपाक, धुणे-भांडी, सारे आले. मिनिटाला दहा लिटरच्या शॉवरखाली दहा मिनिटे उभे राहिले, तर १०० लिटर, म्हणजे त्यातील जवळजवळ तीन-चतुर्थांश पाणी एका स्नानात वाहून जाते. तेच स्नान बादलीने वीस लिटरांत होते. साबण लावताना तोटी बंद केली आणि सहा लिटरचा शॉवर चार मिनिटे वापरला, तर चोवीस लिटर पुरतात.

मुलताईला उगम पावलेली तापी खानदेशातून वाहत सुरतेला येते. १९७२ साली पूर्ण झालेल्या उकाई धरणात तिचे पाणी अडविले जाते आणि तेच पुढे सुरतेच्या नळांना पोहोचते. ज्या घरातील आजीने गावी डोक्यावरून हंडे वाहिले, त्या घरात नदीचे हेच पाणी आज तोटी फिरविताच येते. शॉवर निवडताना तिचे मतही अवश्य विचारावे. पाण्याचे मोल तिच्याइतके घरात दुसऱ्या कोणाला ठाऊक असणार?